आधी हेड उघडा, मग भाव बोला

टायमिंग चेन तुटलेली जुनी पिकअप विकायला निघाली की देहू, तळवडे, चिखली या पट्ट्यात हमखास दोन सल्ले ऐकू येतात. पहिला सल्ला पगारदार नातेवाइकाचा असतो: बंद गाडीला हात लावू नकोस, हप्त्यावर नवी घे. दुसरा दलालाचा: नुसती चेनच तुटलीय, बाकी इंजिन एकदम ओके आहे, आज टोकन दे आणि उद्या ओढून ने. वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. पण चूक दोघांची एकच आहे. इंजिनाच्या आत काय झालंय ते न बघताच दोघांनी गाडीची किंमत ठरवून टाकलेली असते. एकाच्या लेखी ती शून्य, दुसऱ्याच्या लेखी चालू गाडीच्या भावातून एका चेनचे पैसे वजा. मला हे दोन्ही सल्ले खोडून काढायचे आहेत. कारण त्यांच्यामुळे नुकसान होतं ते ठरावीक माणसाचं. लाख-दोन लाख रुपये कसेबसे साठवलेले, लायसन हातात, आणि तळवड्याच्या एखाद्या शॉपमधून चाकणला जॉब पोचवायचं काम मिळण्याची आशा असलेला हा माणूस आमच्या भागात गल्लोगल्ली आहे.

दलालापासून सुरुवात करतो, कारण त्याचं वाक्य जास्त नुकसान करतं.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा. हा हिशेब चेन सांभाळते. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते, खाली पिस्टन वर-खाली होत असतो, आणि दोघांची गाठ पडणार नाही अशा वेळा बांधून दिलेल्या असतात. डिझेल इंजिनात हवा फार जास्त दाबावी लागते, म्हणून पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा हेडखाली जागा जेमतेमच उरते. अशा इंजिनाची चेन चालत्या गाडीत तुटली की कॅमशाफ्ट आहे तिथे थांबते. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने आणि फ्लायव्हीलच्या वजनाने फिरतच राहतो. त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतील त्यांच्यावर पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, त्यांचे गाईड तडकतात, रॉकर मोडतात. कधी व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनची वरची बाजू फोडतं. डिझेल पिकअपची चेन रस्त्यावर तुटली आणि बाकी सगळं शाबूत राहिलं, असं क्वचित घडतं. म्हणून ‘नुसती चेन’ हे शब्द उच्चारणारा माणूस एकतर इंजिन जाणत नाही किंवा जाणूनबुजून खरं बोलत नाही.

नुकसान तिथेच थांबत नाही. गाडी बंद पडल्यावर ड्रायव्हर काय झालं ते कळेपर्यंत चार-पाच वेळा सेल्फ मारतो. सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नसल्याने इंजिन हलकं, सरसर फिरतं, म्हणून तो आणखी मारतो. मग कुणीतरी धक्का स्टार्टचा प्रयत्न करतं, टोचन लावून गिअरमध्ये ओढतं. प्रत्येक वेळी वाकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन पुन्हा आपटतो. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: चेन कुठे तुटली, आणि त्यानंतर काय काय केलं? अंगणात चालू करताना तुटली असेल आणि कुणी हात लावला नसेल तर आशा बरीच. महामार्गावर भरल्या गाडीनिशी तुटली आणि नंतर टोचन झालं असेल, तर हेडखाली काहीही निघू शकतं याची तयारी ठेवा.

दुसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. चेन तुटली कशामुळे?

कंपन्यांच्या वेळापत्रकात बेल्टसारखी चेन ठरावीक किलोमीटरला बदलायला सांगितलेली सहसा नसते, म्हणून चेन जन्मभर चालते अशी समजूत पसरली. ती ऑइलच्या अटीवर खरी आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, काळा गाळ साचला, पातळी खाली गेली, की टेन्शनर ढिला पडतो. चेन गाईडवर घासू लागते, तिचे सांधे झिजतात, तिची लांबी वाढते. सकाळी गाडी चालू करताना पहिले काही क्षण पुढच्या बाजूने खळखळ ऐकू येते. ड्रायव्हर ती ऐकतो, मालकाला सांगतो, मालक म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. तुटलेली चेन ही बहुतेक वेळा अशा लांबवलेल्या महिन्यांची अखेर असते. आणि जे ऑइल टेन्शनरला पुरलं नाही तेच क्रँकच्या बेअरिंगला, कॅमच्या बैठकीला आणि टर्बोलाही जात होतं. नवी चेन टाकून गाडी चालू करणारा आणि बेअरिंग न बघणारा मेस्त्री तुम्हाला पुढच्या बिघाडाची तारीख देऊन पाठवतो.

आमच्या पट्ट्यात हे जास्त घडतं, त्याला इथला रस्ता कारण आहे. तळेगाव-चाकण रस्ता आणि चाकण चौकातला पुणे-नाशिक महामार्ग ज्याने शिफ्ट सुटायच्या वेळी पाहिलाय त्याला सांगायला नको. समजा, एक पिकअप दिवसात साठ किलोमीटर फिरली आणि कोंडीमुळे तिचा सरासरी वेग ताशी दहा पडला. इंजिन सहा तास चालू होतं. तेच सहा तास मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासने तीनशे किलोमीटर होतात. ऑइल झिजतं ते इंजिन चालू असलेल्या तासांनी, आपण मात्र बदलतो मीटरवरच्या किलोमीटरने. म्हणून ‘गाडी फारशी फिरलेली नाही, मीटर बघा’ हे विक्रेत्याचं भूषण चाकण पट्ट्यातल्या गाडीला लावू नये. कमी किलोमीटरच्या गाडीचं इंजिन लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा थकलेलं असू शकतं. मीटर वाचण्याऐवजी ऑइलची चेंबर उतरवा आणि तळाशी काय साचलंय ते पाहा. चेनच्या गाईडचे प्लॅस्टिकचे तुकडे तिथे पडलेले असतील तर ते जाळीत अडकून ऑइलपंपाचा रस्ता रोखतात. नवी चेन घातल्यावरही हे तुकडे राहिले तर दुरुस्ती फुकट गेली.

आता पगारदार नातेवाइकाकडे वळतो. त्याचा हेतू चांगला असतो हे मान्य. पण तो स्वतःच्या पगाराच्या हिशेबाने दुसऱ्याला सल्ला देतो. समजा, नव्या पिकअपसाठी आठ लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण एकवीस हजार होतो, चार वर्षांत दोन लाखांहून जास्त व्याज जातं. महिन्याला सव्वीस दिवस भाडं मिळालं तरी रोज आठशे रुपये फक्त हप्त्याचे. डिझेल, विमा, टायर आणि घर त्यानंतर. आणि भाडं महिन्याला सव्वीस दिवस मिळत नाही. कंपन्या दिवाळीत बंद असतात, ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी बाहेरचा छोटा टेम्पो थांबतो. उलट ज्येष्ठात पालखी निघते तेव्हा दिंड्यांचं सामान, शिधा आणि तंबू वाहायला गाडी कमी पडते. इथली कमाई अशी चढ-उताराची आहे, आणि हप्ता दर महिन्याच्या त्याच तारखेला येतो. नव्या गाडीचा मालक वाईट महिन्यात उपाशी राहून हप्ता भरतो, नाहीतर फायनान्सवाले गाडी नेतात. जुन्या, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा मालक वाईट महिन्यात गाडी उभी ठेवतो, एवढंच.

देहूत राहून कर्जाकडे हलक्या नजरेने बघणं मला जमत नाही. तुकोबांचं घराणं व्यापाराचं, महाजनकीचं. दुष्काळात तो व्यापार बसला. भावाबरोबर वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. कर्ज माणसाचं काय करतं हे ज्या गावाच्या आठवणीत इतकं खोल आहे, तिथे तरण्या पोराला पहिल्याच धंद्यात पूर्ण अठ्ठेचाळीस महिने बांधून घ्यायला लावू नये.

‘पण आता जुन्या डिझेल गाड्या बंदच होणार आहेत,’ हा पुढचा मुद्दा. तो बातम्या अर्धवट ऐकून तयार झालेला आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न दिल्ली आणि राजधानी क्षेत्रातला. महाराष्ट्रात डिझेल गाडीवर वयाची तशी सरसकट बंदी नाही. २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केलेलं स्क्रॅप धोरण खाजगी मालकासाठी ऐच्छिक आहे आणि त्याचा कणा फिटनेस चाचणी हा आहे. पास झाली तर गाडी चालते. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपवण्यात आली, तो नियम तुमच्या-आमच्या पिकअपचा नाही. यात खरं काय आहे तेही सांगायला हवं. आठ वर्षं झाली की मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, त्याआधी दोन वर्षांतून एकदा. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. वय वाढेल तशी फिटनेसची फी चढते. म्हणजे सात-आठ वर्षांची आणि चौदा वर्षांची गाडी एकाच तागडीत घालू नका. चौदा वर्षांच्या गाडीवर पूर्ण इंजिनाचं काम करून घेणाऱ्याला मीही अडवीन.

नातेवाइकाच्या सल्ल्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. बंद गाडी म्हणजे भंगार, हे तो अशा ठिकाणी उभा राहून म्हणतो जिथे इंजिन जोडणारे हात गल्लोगल्ली आहेत. पिंपरीत तेव्हाची टेल्को, आकुर्डीत तेव्हाची बजाज टेम्पो आणि बजाज ऑटो, चिंचवडमध्ये एसकेएफ, भोसरी एमआयडीसीत त्यांना माल पुरवणारे असंख्य छोटे कारखाने. इथल्या दोन-तीन पिढ्या मायक्रोमीटर हातात घेऊन वाढल्या. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर घराखाली गाळा टाकून बसतो. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, गाईड बदलणं, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, हेडची प्रेशर टेस्ट ही सगळी कामं निगडी ते भोसरीच्या दरम्यान होतात. रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन चेनवरच चालायचं आणि ते अनेक मोटारींत बसलं, त्यामुळे चेनचं काम म्हणजे काय हे इथल्या गॅरेजांना नव्याने शिकवावं लागत नाही. विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मी हा लेख लिहिला नसता. तिथे हेड एका शहरात, क्रँक दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो आणि गाडी दोन महिने उभी राहते. देहूकराला ही अडचण नाही. हातातली ही सोय विसरून त्याला शोरूमकडे पाठवणं म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याच्या टँकरचा नंबर देणं आहे.

ही सोय आपोआप टिकणारी नाही, याची मला काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली भंगाराची गोदामं, पत्राशेड आणि छोटी वर्कशॉप हजारोंच्या संख्येने पाडली. बेकायदा बांधकाम, वारंवार लागणाऱ्या आगी, इंद्रायणीत जाणारं दूषित पाणी ही कारणं खोटी नव्हती. ज्या नदीच्या काठी आम्ही राहतो तिच्यावर आळंदीला पांढरा फेस तरंगताना पाहून कुणाला बरं वाटेल? पण जुना सुटा भाग शोधणाऱ्या मेस्त्रीला भंगारबाजार हाकेच्या अंतरावर असणं, आणि लेथवाल्याला परवडणाऱ्या भाड्यात शेड मिळणं, यावर दुरुस्तीचा सगळा धंदा उभा असतो. पाडण्याआधी त्यांना सांडपाण्याची आणि आगीची नीट सोय असलेली अधिकृत जागा द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. आणि गॅरेजवाल्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. काढलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते गटारात ओतणारा गॅरेजवाला स्वतःच्या धंद्याविरुद्ध पुरावा तयार करतो. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देणं अवघड नाही.

तर मग गाडी घ्यायची कशी? बॉनेट उघडून, हेड उतरवून, आणि त्यानंतर भाव बोलून.

हेड उतरवण्याआधीही बरंच कळतं. प्रथम इंजिनात चेनच आहे ना ते ठरवा. काही पिकअपमध्ये बेल्ट असतो, काहींत गिअर, आणि विकणारा तिन्हींना चेन म्हणतो. ऑइलचं झाकण काढून आत किती काळा थर आहे ते पाहा. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडता येतो आणि पिस्टनच्या डोक्यावरचे घाव मोबाइलवर दिसतात. या सगळ्यात सेल्फ अजिबात मारू द्यायचा नाही. विकणारा ‘फिरवून दाखवतो’ म्हणाला तरी नाही.

हेड उतरल्यावर मात्र घाबरून जाऊ नका. वाकलेले व्हॉल्व्ह पाहून लोक पळतात. त्यात पळण्यासारखं काही नाही, ते निघणारच होते. व्हॉल्व्ह, गाईड, सील, गॅस्केट, हेड फेसिंग आणि चेनचा पूर्ण संच, म्हणजे चेन, टेन्शनर, गाईड आणि दात झिजलेले असतील तर स्प्रॉकेट, हा या गाडीचा किमान खर्च धरा. पिस्टनवर उथळ खूण असेल तर ती चालून जाते. पिस्टन फुटला असेल, कनेक्टिंग रॉड वाकला असेल, बोअरला ओरखडे असतील, तर तो फुल इंजिनाचा हिशेब झाला. हेडलाच तडा असेल किंवा कॅमची बैठक खाल्ली गेली असेल, तर गाडी चेसिस, टायर आणि कागदांच्या किमतीला मागा, नाहीतर सोडा. या तीन हिशेबांतला आपला कोणता, हे हेड बंद असताना कुणीही सांगू शकत नाही. दलालही नाही, नातेवाईकही नाही, आणि तीस वर्षांचा अनुभव असलेला मेस्त्रीही नाही.

चालू गाडी घेण्यापेक्षा हा सौदा सुरक्षित आहे असं मी म्हणतो, तेव्हा लोकांना ते उलटं वाटतं. पण चालू सेकंडहँड पिकअप घेताना इंजिन उघडून दाखवा असं तुम्ही म्हणू शकत नाही. ती पॉलिश मारून, जाडं ऑइल ओतून, आवाज दाबून तुमच्यासमोर उभी असते, आणि तिची चेन कधी तुटायची आहे ते तुम्हाला कळत नाही. बंद गाडीचं हेड उघडून मागण्याचा तुमचा हक्क कुणी नाकारू शकत नाही, कारण ते कधीतरी उघडावंच लागणार आहे.

कायदाही बघणाऱ्याच्या बाजूने आहे, न बघणाऱ्याच्या नाही. १८७२ च्या करार कायद्याचं एकोणिसावं कलम फसवून घेतलेला करार रद्द करायची मुभा देतं; पण विकणाऱ्याने नुसतं मौन पाळून दोष लपवला असेल आणि साधी काळजी घेऊन तो तुम्हाला कळला असता, तर ही मुभा राहत नाही. चेन तुटलेली आहे हे माहीत असून आत न बघणाऱ्याला नंतर ‘मला सांगितलं नाही’ म्हणून भांडायला फारशी जागा उरत नाही.

कागद पाहण्यातही हीच काळजी हवी. फिटनेस संपलेली मालवाहू गाडी मोटार वाहन कायद्याच्या छप्पन्नाव्या कलमानुसार वैध नोंदणी असलेली धरली जात नाही, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं फिटनेस बहुधा संपलेलंच असतं. फायनान्सचा बोजा उतरल्याचा कागद, थकलेला कर, ई-चलन, विमा हे सगळं भावातून वजा करायचं असतं. आणि विकणाऱ्यानेही ‘पैसे मिळाले, गाडी गेली’ म्हणून बसू नये. नोंदणीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या झाल्याच पाहिजेत. कोरे फॉर्म सही करून दलालाकडे ठेवायची इथली पद्धत तर ताबडतोब थांबली पाहिजे.

उरला विकणाऱ्याचा एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. हेड उघडून ठेवलं आणि घेणारा निघून गेला तर उघड्या इंजिनाची गाडी त्याच्या गळ्यात पडते. यावर उपाय असा: गॅरेज दोघांनी मिळून ठरवायचं. उघडण्याची मजुरी घेणाऱ्याने द्यायची. सौदा मोडला तर हेड परत बसवायची मजुरी आणि नव्या गॅस्केटचे पैसे टोकनमधून कापून उरलेलं टोकन परत करायचं, आणि काढलेल्या प्रत्येक भागाचे फोटो दोघांच्या मोबाइलवर ठेवायचे. हे फोटो विकणाऱ्याच्याही कामाचे आहेत, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तो आता अंदाजाने काही सांगणार नाही. एवढ्या अटींना नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका. मान्य करणाऱ्याची असेल तर टोकनच्या पावतीवर त्या लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी गाडी टोचन न लावता, क्रेनवर उचलून गॅरेजला न्या.